आरआरआर पाहिला, अन् शेजारच्या आबाजींनी विचारलं, "यात पटवारी कुठं आहे?"

पऱ्हाटी

मी काही सिनेमाचा शौकीन नाही. वर्षाला दोन-चार पिक्चर होतात, तेही घरात कोणी लावला तर. आरआरआर २०२२ च्या मार्चमध्ये आला तेव्हा सगळं गाव राजुऱ्याला, चंद्रपूरला जाऊन पाहून आलं, मी राहून गेलो. परवा १७ सप्टेंबरला टीव्हीवर लागला. दिवसभर पावसाची झड, वावरात चिखल, फवारणी बंद, म्हणून बसलो.

आमच्या शेजारी एक गोंड आबाजी राहतात. वय ऐंशीच्या पुढं-मागं. ते आमच्या ओसरीत अंबाडीचा दोर वळत बसले होते. पिक्चरकडं त्यांची पाठ होती. तेवढ्यात पडद्यावर "भीम" हे नाव आलं. हात थांबला. "कोणता भीम? जोडेघाटचा?" मी म्हटलं, हो, तोच, निजामाशी लढलेला कोमाराम भीम. मग दोर घेऊन आत आले आणि भिंतीला टेकून बसले.

वाघाच्या सीनला ते हसले. भीम जंगलात वाघ धरतो आणि त्याची माफी मागतो, तिथं मान हलवून "हे बरं केलं" म्हणाले. पुढं दिल्ली, गोरा साहेब, बंगला, कारंजे, मोटारी. ते गप्प. जाहिराती लागल्या तेव्हा मला विचारलं, "सगळं बरोबर आहे, पण यात पटवारी कुठं आहे? नाकेदार कुठं आहे?"

मी म्हटलं, आबाजी, इंग्रजांविरुद्धचा पिक्चर आहे हा.

"इंग्रज आमच्याकडं आला कुठं? आमच्याकडं तर निजामाचा पटवारी यायचा. गुरांच्या चराईचा पैसा मागायचा, लाकूड तोडलं की नाकेदार कुऱ्हाड घेऊन जायचा. भीम त्यापायी लढून मेला."

थोडा वेळ बसले आणि अर्धा वळलेला दोर काखेत मारून जेवायला निघून गेले. शेवटची मारामारी पाहिलीच नाही.

मी मात्र शेवटपर्यंत पाहिला आणि खोटं कशाला सांगू, आवडला. पुलावरून दोघं दोरीला लटकून पोराला वाचवतात तिथं मी घरात एकटाच शिट्टी मारली. पण सकाळी राजुऱ्यात मुक्तिदिनाचा झेंडा पाहून आलो होतो आणि रात्री निजामाशी लढलेल्या माणसाच्या पिक्चरमध्ये निजाम नाही, हे आबाजी बोलले नसते तर माझ्या ध्यानातही आलं नसतं. तुम्हाला कसा वाटला होता? आणि असं काही खटकलं होतं का?

तर्री_पोहे

पैसा वसूल पिक्चर आहे बे. तीन तास कसे गेले समजलं नाही. इतिहास पाह्यचा असन तं पुस्तक वाच ना. जनावरांचा ट्रक उघडते तो सीन एकदा परत पाय, आबाजीले पण दाखव.

गडचांदूर_पॅसेंजर

आरआरआर म्हणजे राजुरा, राजुरा, राजुरा. तिकीट काढतानाच समजायला पाहिजे होतं आपला पिक्चर आहे म्हणून.

मुळेकाठचा

पुण्याहून वाचतोय. मला वाटतं अपेक्षाच चुकते आहे. सुरुवातीला स्पष्ट पाटी येते की कथा काल्पनिक आहे. अल्लुरी सीताराम राजू आणि कोमाराम भीम प्रत्यक्षात कधी भेटलेच नाहीत. अल्लुरींचा रंपाचा उठाव १९२२ ते १९२४, तो आंध्रच्या डोंगरात, आणि ते १९२४ मध्येच मारले गेले. भीम १९४० मध्ये. दिग्दर्शकाने "हे दोघे मित्र असते तर" एवढ्यावर सगळा डोलारा उभा केला आहे. त्यात पटवारी शोधणं म्हणजे महाभारताच्या मालिकेत तलाठी शोधण्यासारखं.

एक शंका : राजुरा विदर्भात ना? मग तिथे १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन कसा? तो तर मराठवाड्याचा.

खडू_फळा

मुळेकाठचा, शंका रास्त आहे. चंद्रपुरातल्या पोरांनाही हे माहीत नसतं, तीस वर्षं वर्गात विचारून पाहिलं आहे.

राजुरा तालुका निजामाच्या राज्यातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर, तिथे इंग्रजांचा अंमल; पलीकडे राजुरा, तिथे हैदराबादचा. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि नदीपलीकडची माणसं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा तालुका आधी नांदेड जिल्ह्याला जोडला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. म्हणून आमच्याकडे जुन्या सातबाऱ्यांच्या मागे उर्दू कागद निघतात आणि वाचायला माणूस मिळत नाही.

तेव्हा आबाजींचा प्रश्न महाभारतातल्या तलाठ्याचा नाही. त्यांच्या वडिलांनी तो पटवारी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

मुळेकाठचा

हे खरंच माहीत नव्हतं. तलाठ्याची कोटी मागे घेतो.

दोन_राशनकार्ड

मी जिवती तालुक्यातला, त्या बारा-चौदा गावांपैकी एकातला, जी महाराष्ट्रही आपली म्हणतो आणि तेलंगणाही. दोन राशनकार्ड, दोन मतदान कार्ड, शाळा पण दोन. पिक्चर पण दोनदा पायला. एकदा कागजनगरले तेलुगूत, एकदा घरी हिंदीत.

तेलुगूत लय फरक हाये. त्यात भीम तेलंगणाच्या बोलीत बोलते, आंध्रच्या पुस्तकी तेलुगूत नाई. टॉकीजमधी त्याची एंट्री झाली तं माणसं खुर्चीवर उभी. माह्या बाजूले एक बुढी होती, भीमाले फटके मारते त्या गाण्यात तिनं पदर तोंडाशी धरला तो गाणं संपल्यावरच काढला. हिंदीत तेवढं आंगावर येत नाई.

अन् पऱ्हाटी भाऊ, निजाम अगदीच नाई असं नाई. सुरुवातीले निजामाचा एक माणूस दिल्लीले येते, साहेबाले सांगाले, की बावा गोंडाची पोरगी आणली ती परत द्या, त्यायचा रखवालदार येऊन राह्यला. म्हणजे पिक्चरमधी निजामाचा माणूस आपल्याच बाजूनं! आमच्या गावात हे पाहून एक जण म्हणे, "हा कोण्या गावचा निजाम?"

मोहफूल

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी गोंड आहे, गाव कोरपना तालुक्यात, नोकरीसाठी नागपुरात.

मला पिक्चर आवडला आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी. होस्टेलच्या मैत्रिणींबरोबर गेले होते. पडद्यावर "गोंड" हा शब्द इतक्या मोठ्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकला. शाळेत आडनाव सांगितलं की "म्हणजे तुम्ही जंगलातले का" असं विचारायचे. इथे तोच शब्द आला तर पोरं टाळ्या वाजवत होती. हे कमी नाही. आबाजींना दोर बाजूला ठेवावासा वाटला तो याचसाठी.

राग आला तो शेवटी. लढाई संपते, राम, म्हणजे पिक्चरमधला अल्लुरी, भीमाला विचारतो तुला काय देऊ, आणि भीम म्हणतो मला शिकव, लिहायला-वाचायला. मग राम झेंड्यावर जल, जंगल, जमीन लिहून देतो. आमच्याकडे भीमाची गोष्ट कशी सांगतात ते ऐका. बाप गेल्यावर घरच्यांनी दुसरीकडे जाऊन शेती केली, पीक आलं तर निजामाच्या राज्यातला सिद्दीक नावाचा माणूस जमिनीवर हक्क सांगत आला. भांडणात तो भीमाच्या हातून मेला. भीम पळाला तो चांद्याकडे. तिथे एका छापखानेवाल्याने त्याला आसरा दिला आणि तिथेच तो वाचायला-लिहायला शिकला. मग आसामच्या चहामळ्यात मजुरी, तिथूनही पळून परत आपल्या डोंगरात. जोडेघाट आणि आजूबाजूची अशी बारा गावं गोळा केली, कर द्यायचा नाही, जंगल आमचं. निजामाशी बोलणीही करून पाहिली. १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या शिपायांनी त्याला गोळ्या घातल्या.

म्हणजे जो माणूस स्वतःच्या पायांनी चांद्याला येऊन अक्षर शिकला, तो पिक्चरमध्ये दुसऱ्यापुढे उभा राहून अक्षर मागतो. आणि जी घोषणा त्याच्या नावानं आमची माणसं देतात, ती दुसऱ्याच्या हातची. पटवारी गाळला ते एक वेळ चालेल. हे मला नाही चाललं.

तर्री_पोहे

ताई, तुमचं दुखणं समजलं, पण दिग्दर्शकाच्या डोक्यात तसं असन असं मले नाई वाटत. त्यानं दोन दोस्त दाखवले. एकाजवळ बंदूक-विद्या, दुसऱ्याजवळ जंगलाची विद्या. भीम रामाचा जीव पण वाचवते ना, खांद्यावर घेऊन जेल फोडते. एकाच सीनवरून अख्ख्या पिक्चरले झोडपाचं का? असं पायलं तं मंग टाळी वाजवाले पण ग्रामसभेचा ठराव लागन.

मोहफूल

दादा, ठराव नको. टाळ्या मीही वाजवल्या. पण एक सांगा. २०१५ मध्ये काशीबाई आणि मस्तानी एका गाण्यात पिंगा नाचल्या तर केवढा गहजब झाला. छावाच्या वेळी महाराज लेझीम खेळताना दाखवले, तर प्रदर्शनाच्या आधीच तो प्रसंग काढून टाकावा लागला. तेव्हा कुणी म्हटलं नाही "पिक्चरच आहे, पुस्तक वाचा". आमच्या भीमाच्या वेळीच सगळ्यांना एकदम आठवतं की सिनेमा काल्पनिक असतो.

तर्री_पोहे

हा मुद्दा बरोबर हाये. यावर माह्याजवळ उत्तर नाई. चहा पिऊन येतो.

खडू_फळा

अगदीच कुणी बोललं नाही असं मात्र नाही. २०२० मध्ये टीझरमध्ये भीम मुसलमानी टोपीत दिसला तेव्हा आदिलाबादकडे विरोध झाला होता. पिक्चर आल्यावर कळलं की तो वेषांतरात आहे, अख्तर नाव घेऊन दिल्लीत राहतो. गंमत म्हणजे टोपीवर चिडलेल्यांपैकी शेवटच्या सीनवर बोललेलं फार कोणी माझ्या वाचनात नाही आलं. टोपी पटकन दिसते. मोहफूलने सांगितलं ते दिसायला भीमाची गोष्ट आधी ऐकलेली असावी लागते.

पीएचसी_बाई

विषय थोडा सोडून. पिक्चरमध्ये रामाला पट्टेरी मण्यार चावते आणि भीम झाडपाला लावून बरा करतो. तो सीन आल्यापासून आमच्या उपकेंद्रात दोन जण मला ऐकवून गेले की "मॅडम, गोंडाकडं औषध असते". कृपा करून हे घरी करू नका. मण्यार चावलेली जागा सुजत नाही, फारशी दुखतही नाही, माणसाला वाटतं काही झालं नाही, आणि मग पापण्या मिटायला लागतात, श्वास बंद पडतो. रात्री खाली झोपणाऱ्यांना जास्त चावते. बांधू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका, गाडीत टाका आणि सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. खाट आणि मच्छरदाणी, एवढं केलं तरी बराच धोका जातो.

गडचांदूर_पॅसेंजर

बाई, पिक्चरमधला राम तर लगेच उठून पळते.

पीएचसी_बाई

त्याला पुढे गाणी-मारामारी करायची होती. तुम्हाला नाही.

वडसा_मंडई

वाघाबद्दल कोणी बोललं नाही अजून? आबाजी हसले ते बरोबर हसले. राजुऱ्याच्या लोकांनी वाघ पाहिला आहे. २०२० मध्ये तो आरटी-१ वाघ ऑक्टोबरात पिंजऱ्यात सापडेपर्यंत माणसं वावरात जायला तयार नव्हती. तिथल्या माणसाला अंगावर रक्त ओतून वाघाला बोलावणारा हिरो दाखवला तर तो हसणार नाही तर काय करणार.

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात वाघ म्हणजे पट्ट्याचं कापड पांघरलेला माणूस. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या रात्री, दहा हजार वॅटचा आवाज, थंडी, आणि तो विंगेतून डरकाळी देत आला की पहिल्या रांगेतली पोरं खरोखर रडतात. शेपटी एकदा हार्मोनियमच्या पेटीत अडकली होती तरी रडत होती.

अहेरी_पट्टी

सगळे भीमावर बोलून राहिले, चांगलं आहे. पण इंग्रजाशी लढलेला गोंडच पाहिजे होता तर दिग्दर्शकाला आमच्याकडं यायचं ना. बाबूराव शेडमाके. चांदा जिल्ह्यातल्या जमीनदार घराण्यातला पोरगा, जंगोम दल उभं केलं, गोंड, माडिया, रोहिल्यांना घेऊन १८५८ मध्ये इंग्रजांशी सरळ लढला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन त्याच्या मागावर. शेवटी आपल्याच माणसांच्या दग्यानं सापडला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या जेलात फाशी. तेव्हा वय पंचविशीचं. जेलातल्या पिंपळाला आजही लोक हार घालायला जातात.

यात डोंगर आहे, दगा आहे, फाशी आहे. पुलावरून उडी मारायची पण गरज नाही.

मुळेकाठचा

हे नाव मी पहिल्यांदा वाचतोय. लाज वाटली थोडी.

अहेरी_पट्टी

लाज कायची? चंद्रपुरात जटपुरा गेटखालून रोज हजार गाड्या जातात. त्याच्यावर हत्तीवर बसलेला सिंह कोरला आहे, गोंड राजांची खूण. त्या गेटखाली हॉर्न वाजवत उभ्या असलेल्या किती जणांनी मान वर केली असेल?

तर्री_पोहे

चहा पिऊन आलो. जटपुरा गेटखाली मान वर केली तं पुढचा ऑटो ठोकते, म्हणून करत नाई.

दोन_राशनकार्ड

नाचाचं राह्यलं. आमच्याकडं दिवाळीत दंडारी निघते. गुसाडी मोरपिसाचे टोप घालते, आंगाले राख, गावोगाव नाचत जाते. मारलवाईच्या गुसाडी नाचणाऱ्या कनक राजूंले २०२१ ची पद्मश्री भेटली होती. पिक्चर आला त्या दिवाळीले आमच्या पोट्ट्यायनं दंडारी संपल्यावर डीजेवर नाटू नाटू लावलं. बुढे चिडले. मंग एक बुढा उठला अन् म्हणे, पाय असा नाई टाकत, आन इकडं. अन् त्यानं नाटू नाटूवर ढेमसा नाचून दाखवला. ते गाणं म्हणे युक्रेनच्या राजवाड्यापुढं शूट केलं अन् २०२३ मधी ऑस्कर घेऊन आलं. आमच्या बुढ्याले काई नाई भेटलं, फक्त दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

खडू_फळा

मारलवाईचं नाव निघालं म्हणून. भीम गेल्यावर निजामालाच प्रश्न पडला की हे गोंड इतके का पेटले. ते शोधायला हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियाचा मानववंशशास्त्रज्ञ आला, बायकोसह मारलवाईत राहिला. त्याच्या अहवालांमुळे १९४० च्या दशकात बऱ्याच गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडीतून शाळा सुरू झाली. म्हणजे आबाजींच्या "पटवारी कुठं आहे" या प्रश्नाचं उत्तर शोधायला खुद्द निजामाने माणूस पाठवला होता.

मोहफूल

गुरुजी, माझ्या आजीचं माहेर त्या बाजूचं. पट्टा मिळाला होता, पुढे एका सावकाराकडे गेला. पण ती गोष्ट पुन्हा कधी.

आणि नाकेदार अजून आहे हो. २००६ चा वनहक्क कायदा आला, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही मिळाला, ती गावं स्वतःचा बांबू स्वतः विकतात. आमच्या गावचा दावा मात्र अजून टेबलावर आहे. मागच्या उन्हाळ्यात माझ्या काकाची कुऱ्हाड नेली. मोहाची वाळलेली फांदी होती. म्हणून आबाजींनी पिक्चरमध्ये नाकेदार शोधला यात मला काही जुनं वाटलं नाही.

पऱ्हाटी

धागा एवढा वाढेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस वाचतोय.

काल संध्याकाळी आबाजींना मोहफूल ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. छापखान्याच्या ठिकाणी त्यांनी हात वर केला. म्हणाले, "हे माह्या बापानं सांगतलेलं. चांद्याले शिकला म्हणून." मग शेवटचा सीन, जो त्यांनी पाहिलाच नव्हता, तो मी तोंडी सांगितला. भीम लिहायला शिकव म्हणतो तो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागितलं तं मागितलं. विद्या मागाले लाज नाई. पण चांद्याचं नाव तं घ्यायचं होतं."

मोहफूल ताई, यावर तुम्ही काय म्हणाल माहीत नाही. मी जसंच्या तसं लिहिलं.

मोहफूल

मला पटलं नाही. पण आबाजींशी भांडायला समोर यावं लागेल.

पऱ्हाटी

मग याच. भीमाची पुण्यतिथी जोडेघाटला आश्विन पौर्णिमेला करतात, म्हणजे आपली कोजागिरी. आबाजी आयुष्यात एकदाही गेले नाहीत, आता जायचं म्हणतात. लक्कडकोटवरून वांकिडी, आसिफाबाद, मग केरामेरीकडं. सोयाबीन तोवर निघालं तर बरं, नाही निघालं तरी जाऊ. माझी जुनी बोलेरो आहे, आबाजी धरून चार जण झाले, दोन जागा रिकाम्या आहेत.

दोन_राशनकार्ड

केरामेरीच्या पुढं घाट हाये, पाऊस झाला असन तं रस्ता पाहून जा. मी तिकडूनच येतो, तिथं भेटू. जेवण माह्याकडं. कोणत्या राज्यात जेवाचं तेवढं सांगा.

तर्री_पोहे

एक जागा माह्यी. मागच्या सीटवर बसतो, वाद घालत नाई. पेट्रोलचे किती?

पऱ्हाटी

डिझेल आहे. तू तर्री आण.